मदत हवी आहे: नरक्याच्या अर्काने हेला (कर्करोगाच्या) पेशी मरत का नाहीत?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. झाड आहे नरक्या, म्हणजे सह्याद्रीतली अमृता. यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य असतं हे १९७२ पासून माहीत आहे, म्हणजे मी नवीन काहीच शोधत नाहीये. सरांचं म्हणणं, आधी माहीत असलेलं सापडतंय का बघ, मग नव्या झाडाला हात लाव. तर तेवढंही जमेना!

सावलीत वाळवलेल्या सालीचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला. टीएलसी प्लेट (हिच्यावर अर्कातले घटक वेगवेगळे होतात) यूव्हीखाली धरली की शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या ठिपक्याच्या ओळीतच निळा पट्टा चमकतो. म्हणजे माल आहे. मग हेला पेशींवर एमटीटी चाचणी केली (यात जिवंत पेशी एमटीटी हा रंग जांभळा करतात): २५ ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास. तरी ८०-८५ टक्के पेशी जिवंत, आणि डोस आठपट केला तरी आलेख आडवाच. तुलनेसाठी लावलेल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाने मात्र पेशी व्यवस्थित मेल्या. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या आत आहे.

अर्कातली पॉलिफेनॉल्स एमटीटीला परस्पर जांभळं करतात असं वाचलं, म्हणून पेशी न घालता नुसता अर्क लावून पाहिला. २०० ला किंचित रंग आला, बाकी काही नाही. दुसरी शंका: पीएच ७.४ ला कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं वलय उघडतं आणि रेणू निकामी होतो. पण मीडिअम (पेशी वाढवायचा द्राव) तर सगळ्यांचं तेवढ्याच पीएचचं असतं ना?

(१९६६ मध्ये मॉन्रो वॉल यांच्याबरोबर एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं करणारे मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. मी शहाद्याची. त्यामुळे जास्तच लाज वाटतेय.)

प्रतिसाद:
२४ तास? घोळ तिथेच आहे. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतं. पेशी डीएनएची नक्कल करत तिथवर आली की डीएनए तुटतो. त्या वेळात नक्कल न करणारी पेशी बचावते, मग डोस कितीही वाढवा. म्हणून आलेख आडवा. ४८ आणि ७२ तास ठेवून बघा. पेशी कमी पेरा, नाहीतर ७२ तासांत कंट्रोलच (अर्क न घातलेल्या पेशी) गच्च भरेल. डॉक्सोरुबिसिनशेजारी शुद्ध कॅम्प्टोथेसिनही लावा. लॅक्टोन सगळं उघडत नाही, थोडं उरतं. तरी मीडिअममध्ये पातळ केलेलं लगेच वापरा, चहाला जाऊन येऊ नका. आणि मायक्रोस्कोपखाली पेशी कशा दिसल्या?

धागाकर्ती:
कंट्रोलपेक्षा मोठ्या आणि पसरट. मला वाटलं माझाच फोकस चुकला! चहाचंही खरं आहे, त्या दिवशी सेमिनारला गेले होते. शुक्रवारी ७२ तासांची प्लेट लावते. सोमवारी वाचायला कोण येणार हा वेगळाच प्रश्न, सुट्टी आहे.