बुबुळात अमीबा असल्याचा संशय आहे. पीसीआर करावी की कल्चरवर भागेल?

ऊसवाला_सांगली
उसाला पाणी देताना धाकट्या भावाच्या डोळ्यात चिखलाचं पाणी उडालं, तेव्हापासून डोळा लालभडक, उजेड सहन होत नाही आणि ठणका असा की रात्ररात्र झोप नाही. लेन्स वगैरे तो वापरत नाही. आधी हर्पिस (व्हायरसचा आजार) म्हणून औषध चालू होतं, पण काही फरक नाही, उलट बुबुळावर आता पांढरं कडं दिसायला लागलंय. दुसऱ्या डॉक्टरांना अकँथअमीबाचा संशय आहे, उद्या बुबुळ खरवडून सॅम्पल घेणारेत. कल्चरला (सॅम्पलमधला जंतू वाढवून बघायला) आठवडा लागेल म्हणाले, पीसीआर (जंतूच्या डीएनएची तपासणी) बाहेर पाठवावी लागेल आणि खर्च वेगळा. काय करू?

लॅबवाली
दादा, जमत असेल तर दोन्ही करा. कल्चरमध्ये आम्ही साध्या अगारच्या प्लेटवर ई. कोलाय जिवाणूंचा थर देतो आणि त्यावर सॅम्पल ठेवतो, अमीबा असला तर तो जिवाणू खात पुढे सरकतो आणि त्याच्या वाटा मायक्रोस्कोपखाली दिसतात. कधी दोन दिवसांत दिसतं, कधी आठवडा उलटतो. पीसीआरमध्ये त्याच्या १८एस जीनचा तुकडा शोधतात, रिअल टाइम मशीन असेल तर सॅम्पल पोचल्यावर काही तासांत उत्तर मिळतं.

पण त्याच्याही आधी कॅल्कोफ्लुअर व्हाइटची स्लाइड करायला सांगा. अमीबाच्या सिस्टच्या (कवचात सुप्त पडून राहिलेल्या अमीबाच्या) भिंतीत सेल्युलोज असतं, त्याला हा रंग चिकटतो आणि फ्लुरोसंट मायक्रोस्कोपखाली सिस्ट चमकते. स्वस्त आहे आणि त्याच दिवशी कळतं. आणखी एक, सॅम्पल खसखशीच्या दाण्याएवढंसुद्धा नसतं, त्यामुळे स्लाइड, कल्चर, पीसीआर कशाला किती द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा. खरवडायच्या आधी डोळ्यात फ्लुरोसीन रंग घालू नका म्हणावं, त्यानं पीसीआर अडू शकते.

रेसिडेंट_पुणे
वरचं सगळं बरोबर. फक्त पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून अमीबा नाहीच असं समजू नका, तो बुबुळात खोल असला तर वरवरच्या सॅम्पलमध्ये येतच नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोपी (थेट डोळ्यावरच बुबुळाचे थर बघणारं मशीन) असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जाता आलं तर फार चांगलं, तिथं न खरवडताही सिस्ट दिसू शकतात. लेन्स नाही म्हणून अमीबा नाही, हेही डोक्यातून काढा, आपल्याकडे माती आणि घाण पाण्यातून झालेले पेशंट भरपूर असतात. आणि आधीच्या औषधांत स्टिरॉइडचे थेंब होते का ते उद्या डॉक्टरांना नक्की सांगा, चिठ्ठीच घेऊन जा. निदान व्हायच्या आधी स्टिरॉइड पडलं की हा आजार जास्त चिघळतो.

कोल्हापूरची_मावशी
आमच्या पुतण्याला हेच झालेलं. पीएचएमबीचे (अमीबा मारणाऱ्या औषधाचे) थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा! अलार्म लावून आम्ही घरातले आळीपाळीनं उठायचो. पुढे औषध कित्येक महिने चाललं, मध्येच बरं वाटलं तरी बंद करू नका हो.

ऊसवाला_सांगली
खूप आभार सगळ्यांचे. स्लाइड, कल्चर, पीसीआर तिन्ही करतोय. ताई, सॅम्पल बर्फात पाठवायचं का? आणि बरं झालंय का बघायला पीसीआर परत करायची का?

लॅबवाली
पीसीआरची ट्यूब थंड चालेल, पण कल्चरचं सॅम्पल बर्फात अजिबात नको, अमीबा जिवंत पोचायला हवा. परत पीसीआर नको, मेलेल्या अमीबाचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतो. बरं होतंय का ते डॉक्टर डोळा बघूनच सांगतील.