अनुभव धागा: तुमच्या मनातला सर्वांत महान चॅम्पियन क्लब कोणता, आणि का?

सहा नंबर
काल रात्री फोन चाळताना मिलान विरुद्ध रेआल माद्रिद, युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) १९८९ ची सेमीफायनल समोर आली आणि मी पूर्ण बघितली. झोप गेली ती गेलीच. थोरल्या दादाने मला हा सामना जुन्या कॅसेटवर दाखवला होता. मी लहान, माझे डोळे बॉलवर. तो म्हणायचा, "बॉल सोड, बारेसीकडे बघ." दादा जाऊन बरीच वर्षं झाली. काल मी बॉल सोडून मिलानच्या बचावातल्या त्या बारेसीकडे बघितलं. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि तास्सोत्ती, कोस्टाकुर्टा, माल्दिनी त्याच क्षणी पुढे सरकतात. माद्रिदचे फॉरवर्ड पुन्हा पुन्हा ऑफसाइड. शेवटी ५-० आणि पाच गोल पाच वेगवेगळ्या खेळाडूंचे: अँचेलोटी, रायकार्ड, गुलिट, व्हॅन बास्टेन, डोनाडोनी. फायनलला रोमानियाच्या स्टेआवा क्लबवर ४-०. पुढच्या वर्षी पुन्हा युरोपियन कप.
माझं मत ठाम आहे, प्रशिक्षक अरिगो साक्कींचं मिलान. त्यांच्यानंतर सगळ्यांनाच बचाव वेगळ्या नजरेने बघावा लागला.
तुमचा संघ सांगा, पण त्या संघाशी जोडलेली तुमची आठवणही लिहा. अट एवढीच की संघ चॅम्पियन झालेला हवा आणि देशाचा नाही, क्लबचा हवा.

रातपाळी
बार्सिलोना २०११. बास.
कामावर आहे, नंतर लिहितो.

मधली फळी
दादांबद्दल वाचून गलबलून आलं. असं बघायला शिकवणारं माणूस घरात असणं मोठं भाग्य.
माझं मत मँचेस्टर युनायटेड १९९९, चॅम्पियन्स लीगची फायनल. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये निम्मी मुलं नव्वदाव्या मिनिटाला उठून गेली होती. बायर्न १-० ने पुढे, बास्लरचा सहाव्या मिनिटाचा गोल. मग शेरिंगहॅम, मग सोल्सक्यार, दोन्ही भरपाईच्या वेळेत. आरडाओरडा ऐकून गेलेली मुलं पळत परत आली आणि प्रत्येक जण विचारत होता, काय झालं काय झालं. आम्हाला सांगताही येईना. आणि हे सगळं कीन आणि स्कोल्स निलंबित असताना! मला तर ट्युरिनची सेमी त्याहून मोठी वाटते. युव्हेंटसच्या मैदानावर ०-२ वरून ३-२.

पावसाळी मैदान
इस्तंबूल २००५, लिव्हरपूल विरुद्ध मिलान, चॅम्पियन्स लीगची फायनल. बाबा अतिदक्षता विभागात होते, मी बाहेर बाकावर. शेजारी एक अनोळखी काका, त्यांच्याकडे छोटा रेडिओ. मध्यंतराला ३-० मिलान. काका म्हणाले बंद करू का. मी म्हटलं राहू दे, निदान आवाज तरी असेल. मग जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल. पेनल्टी शूटआउटला आम्ही दोघं उभेच होतो. बाबा नंतर बरे होऊन घरी आले. त्या काकांचं माणूस कसं आहे ते मात्र कधीच कळलं नाही, अजून मनात येतं.

उजवा बॅक
ताई, वाचून डोळे भरले. बाबा बरे झाले हे वाचून बरं वाटलं.
फक्त एक. ती लिव्हरपूल त्या वर्षी लीगमध्ये पाचवी होती. महान रात्र आणि महान संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटतं.

पावसाळी मैदान
मान्य आहे दादा, मी रात्रीबद्दलच लिहिलं. संघ म्हणाल तर लिव्हरपूल १९८४. लीग, लीग कप, युरोपियन कप एकाच मोसमात. आणि फायनल रोमाविरुद्ध, तीही रोममध्येच, त्यांच्याच मैदानावर! आमचा गोलरक्षक ग्रोबेलार पेनल्टीच्या वेळी गोललाइनवर पाय लटपटवत उभा राहिला आणि समोरच्यांनी चेंडू बाहेर घालवले. पोळ्या, सॉरी, घरची कामं आटपून पुन्हा येते.

धुकं
सहा नंबर, तुमच्या मिलानबद्दल पूर्ण आदर. पण त्याच मोसमात बेलग्रेडमध्ये रेड स्टार १-० ने पुढे होते आणि दाट धुक्यामुळे सामना थांबवावा लागला, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा पहिल्यापासून, १-१, आणि मिलान पेनल्टीवर सुटलं. ते धुकं आलं नसतं तर या धाग्यावर वेगळं नाव असतं.
माझा संघ तोच, रेड स्टार, १९९१ चे युरोपियन विजेते. साविचेविच, प्रोसिनेच्की, पांचेव्ह, युगोविच, मिहायलोविच. पुढे युगोस्लाव्हिया हा देशच फुटला आणि हे सगळे पांगले. फायनल कंटाळवाणी होती हे मान्य, पण सेमीत बायर्नला त्यांनी कसं हरवलं ते बघा.

सहा नंबर
धुक्याचं खरं आहे, तो सामना मिलानच्या नशिबाने फिरला. पण माद्रिदविरुद्धचे पाच आणि स्टेआवाविरुद्धचे चार गोल नशिबाने होत नाहीत. शिवाय तेव्हा बॅकपासचा नियम यायचा होता, तो १९९२ मध्ये आला. गोलरक्षक आपल्याच खेळाडूचा पास हातात घेऊन वेळ काढू शकायचा. अशा काळात इतक्या वर चढून दबाव टाकणं सोपं नव्हतं.
मधली फळी, पावसाळी मैदान, मनापासून आभार. दादाला हा धागा फार आवडला असता.

रातपाळी
आलो. तर बार्सा. २०११ च्या वेम्बली फायनलमधले सात जण क्लबच्या स्वतःच्या अकादमीतले: वाल्देस, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता, मेस्सी, पेद्रो. युनायटेडला बॉलच मिळेना. पण मला आठवतो तो बचावपटू आबिदाल. मार्चमध्ये यकृतातल्या गाठीची शस्त्रक्रिया, मे महिन्यात फायनलला पूर्ण वेळ मैदानात. कर्णधार पुयोलने कप स्वतः न उचलता त्याच्या हातात दिला. माझ्या बायकोला फुटबॉलमध्ये रस नाही, तीही रडली.

उजवा बॅक
सात जण अकादमीतले म्हणताय, मग स्कॉटलंडचा सेल्टिक १९६७ घ्या! लिस्बनच्या युरोपियन कप फायनलमध्ये इंटर मिलानला २-१ हरवणारे सगळेच्या सगळे खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. प्रशिक्षक जॉक स्टीन यांचा संघ. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला आणि मग उरलेला सामना इंटरच्या अर्ध्यातच खेळला गेला.

निळी जर्सी
कोणीच बायकांच्या फुटबॉलचं नाव काढलं नाही म्हणून लिहितेय. फ्रान्सच्या लियाँचा महिला संघ, २०१६ ते २०२०, सलग पाच चॅम्पियन्स लीग. पुरुषांत सलग पाच फक्त माद्रिदला जमले, १९५६ ते ६०. २०१९ च्या फायनलला पहिल्या अर्ध्या तासातच बार्सिलोनावर चार गोल, त्यात हेगरबर्गची हॅटट्रिक. मी आणि लेक एकत्र बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून ती खेळायला लागली, आता शाळेच्या संघात लेफ्ट बॅक आहे. उजव्या पायाची आहे, तरी कोच डावीकडे उभं करतात. कोणाला अनुभव आहे का? नाराज असते.

मधली फळी
निळी जर्सी, लेकीला सांगा, माल्दिनीही मुळात उजव्या पायाचाच. डावीकडून आत येऊन पास द्यायला उजवा पाय कामाला येतो. भिंतीवर डाव्या पायाने रोज थोडा वेळ बॉल मारायला लावा. भाचीला फायदा झाला.

निळी जर्सी
माल्दिनीचं नाव सांगितलं, लगेच बॉल घेऊन बाहेर पळाली 😀 आभार!

जुना प्रेक्षक
ग्रांदे तोरिनोचं, म्हणजे इटलीच्या तोरिनो क्लबच्या १९४० च्या दशकातल्या महान संघाचं, नाव राहिलं. १९४७ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघात हंगेरीविरुद्ध अकरापैकी दहा जण तोरिनोचे होते. ४ मे १९४९, सुपेर्गाच्या टेकडीवर विमान कोसळलं, ३१ माणसं गेली. लीगचे शेवटचे सामने युवा संघाने खेळले, प्रतिस्पर्ध्यांनीही आपापले युवा संघच उतरवले. हे मी वडिलांकडून ऐकलं आणि त्यानंतर कुठल्याही यादीत त्यांना दुसरा क्रमांक द्यायला माझं मन धजावत नाही.

पावसाळी मैदान
काका, काटा आला अंगावर.

डच डाव
नेदरलँड्सचा आयाक्स १९९५. लीगमध्ये अपराजित, युरोपातही अपराजित, फायनलला अठरा वर्षांच्या क्लाइव्हर्टचा गोल, तोही मिलानवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युरोपियन न्यायालयाचा बोस्मन निकाल आला, करार संपलेले खेळाडू फुकट जाऊ लागले आणि डाविड्स, राइझिगर मिलानलाच गेले. तो संघ आणखी चार वर्षं एकत्र राहायला हवा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

रातपाळी
सगळे युरोपातच अडकलेत. ब्राझीलचा सांतोस कुठे आहे? १९६२, युरोपचे विजेते बेनफिका, त्यांच्याच लिस्बनमध्ये, ५-२. पेलेचे तीन.

जुना प्रेक्षक
बरोबर. त्या बेनफिकात युझेबिओसारखा मोठा फॉरवर्ड होता, हेही लिहा.