ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार अडवला, राजीनाम्यावर सहीपण घेतली. वकील परवडत नाही, काय करू?

मावळची मावशी:
नमस्कार. मी सांगतेय, मुलगी टाइप करतेय. हिंजवडीत एका कंपनीत हाऊसकीपिंगला होते. ठेकेदार एकच, 6 वर्षं 8 महिने. बेसिक-डीए मिळून 13,000, कापून हातात अकरा हजार तीनशेच्या आसपास. गेल्या महिन्यात ठेका दुसऱ्याला गेला आणि आम्हा चौदा बायांना गेटवरच थांबवलं. ओळखपत्रं काढून घेतली. सुपरवायझरने इंग्रजी कागद पुढे केला, "सही करा मावशी, म्हणजे पगार पडेल." केली. त्याची पाठ वळल्यावर मोबाइलवर फोटो काढला. घरी मुलीने वाचला तर राजीनामा! दोन महिन्यांचा पगार काही पडला नाही.

एका वकिलाकडे गेले, त्याने ऐकून घ्यायच्या आधीच पाच हजार सांगितले. सही केल्यावर माझं काही उरलंय का?

अजून एक. फिनाईल-ॲसिडने माझ्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात, मशीन अंगठा घेत नाही. माझी हजेरी सुपरवायझर वहीत लिहायचा. मशीनमध्ये ही बाई नाहीच, असं म्हणाले तर?

चाकणकर:
ताई, दोन पगारांसाठी चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. सोडा आणि नवीन ठेकेदाराकडे लागा.

निवृत्त कारकून:
चाकणकर, असं सांगणारे भेटतात म्हणूनच ठेकेदारांचं फावतं. मी कामगार न्यायालयात कारकून होतो, आयुष्य याच कागदांत गेलं.

ताई, आधी वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारू नका. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा, आधारची झेरॉक्स जवळ ठेवा. जायच्या आधी 15100 वर फोन करून विचारलंत तरी चालेल.

राजीनाम्याने केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, लागू आहे. नोकरी सुटली, काढलं किंवा सोडली तरी, दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा. ठेकेदाराने हात वर केले तर ज्या कंपनीत तुम्ही फरशी पुसलीत तिच्यावर जबाबदारी येते. दावा लावायला तीन वर्षं मुदत आहे. आणि पगार दिला हे मालकाने सिद्ध करायचं असतं, त्यामुळे मशीनची भीती सोडा. वहीचे फोटो आहेत का?

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं, तुम्ही विचारलंच नाहीत! पाच वर्षं झाली की राजीनामा दिलेल्यालाही मिळते. महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार: 13,000 भागिले 26 म्हणजे 500, त्याच्या पंधरापट 7,500. सहा महिन्यांच्या वरचे दिवस पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची सात वर्षं. झाले 52,500. ठेकेदाराला लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पगाराच्या मागे धावताना बाया हे हमखास विसरतात.

देहूरोड 72:
काकांना दुजोरा, पण एक सांगतो. माझ्या भावाला (त्याला 3 लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला द्यावा लागला) मिळालेला प्राधिकरणाच्या यादीतला वकील दोन तारखांना फिरकलाच नाही. प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी दिलं, वकील बदलून मिळाला. "खर्चापाण्याला" म्हणून कोणी मागितले तर एक रुपया देऊ नका. आणि मुलीला उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक बघायला सांगा. पगारातून 1,560 कापायचे आणि भरायचे नाहीत, हे प्रकार खूप चालतात.

मावळची मावशी:
काका, वहीचे फोटो आहेत की! दिवस कमी लावतो म्हणून दर महिन्याला काढायचे. पासबुक बघितलं, पाच महिने कोरे. जाते सोमवारी.

मावळची मावशी:
तीन आठवडे झाले, सांगते काय झालं ते. टेबलावरच्या पोराने उत्पन्नाचा दाखला मागितलाच. मागच्या बाई म्हणाल्या, "अरे, महिला आहेत, नको." तिथेच अर्ज भरून घेतला. शेवटी अंगठा लावायचा की सही, असं विचारलं. म्हटलं सहीच घ्या, अंगठा कुठेच उमटत नाही. सही करायच्या आधी मात्र अख्खा कागद मुलीकडून वाचून घेतला.

आठ दिवसांनी वकील मॅडम मिळाल्या. तरुणच आहेत. वहीच्या फोटोंच्या सगळ्या प्रिंटा काढायला लावल्या, तेवढाच काय तो खर्च. ठेकेदार आणि कंपनी दोघांना नोटीस गेली. चौदांपैकी पाच जणी माझ्याबरोबर आल्यात, बाकीच्या नवीन ठेकेदाराकडे लागल्यात आणि घाबरतात.

काल ठेकेदाराचा स्वतःचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मावशी, एवढं कशाला, या, बसून बोलू." मी मॅडमचा नंबर दिला.