जेट सेट विली: टेप अर्धवट लोड होते, आणि ॲटिकनंतर खोलीत शिरताच मरण

वाशी_४८के

गेम: जेट सेट विली, ज्यात विली नावाच्या नायकाला खोल्याखोल्यांतून फिरवत वस्तू गोळा करायच्या असतात. यंत्र: डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक, मेमरी ४८के. टीव्ही साधा एलईडी, अँटेनाच्या सॉकेटमधून. रेकॉर्डर मोनो, कॅसेट मूळची. अडॅप्टर मात्र मूळचा नाही, ९ व्होल्टचा दुसरा आहे.

तक्रार एक: कॅसेटवरून लोड करताना नाव येतं, पडद्याच्या बॉर्डरवर पट्टे सुरू होतात आणि मध्येच 'आर टेप लोडिंग एरर'. जागा दर वेळी वेगळी.

तक्रार दोन: फोनवरून टेपच्या आवाजाची डब्ल्यूएव्ही फाइल वाजवली तर कधीकधी पूर्ण लोड होतो आणि छान चालतो. पण वर ॲटिक नावाच्या खोलीत जाऊन आलं की पुढे काही खोल्यांत पाय टाकताच सगळे जीव एकामागोमाग जातात. चॅपेल नावाच्या खोलीतले राक्षस तर गायबच. नवा डाव सुरू केला तरी तेच. बंद करून पुन्हा लोड केला की सगळं ठीक, परत ॲटिकला जाईपर्यंत.

एका दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, रॅम गेली आहे, ४११६ नंबरच्या आठही मेमरी चिप्स बदलाव्या लागतील. सोल्डरिंगचा कावीया तापवण्याआधी जाणकारांनी प्रकाश टाकावा. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच का?

नौपाडा_पोक

चिप्सना हात लावू नका. दोन वेगळी दुखणी आहेत आणि दुसरं तर तुमच्या यंत्राचं नाहीच. तो गेममधलाच बग आहे, १९८४ पासूनचा, 'ॲटिक बग' म्हणूनच प्रसिद्ध.

ॲटिकमधून एक बाण उडतो. त्याची जागा ठरवणारा आकडा चुकीचा पडला आहे. त्यामुळे बाण पडद्यासाठी राखलेल्या मेमरीच्या पलीकडे जातो आणि तिथे असलेल्या गेमच्या माहितीवर स्वतःला उमटवत सुटतो. माहिती रॅममध्येच खराब झाल्यामुळे नवा डाव मांडून काही होत नाही, टेपवरून ताजी प्रत आणावी लागते. प्रकाशक सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने आधी सांगून पाहिलं की त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय, मुद्दामच केलंय! नंतर दुरुस्तीचे पोक द्यावे लागले (पोक म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यावर एक आकडा लिहिणारी आज्ञा; आधी पत्ता, मग आकडा). ते असे:

पोक ५९९०१,८२
पोक ५६८७६,४
पोक ६०२३१,०
पोक ४२१८३,११

पहिला ॲटिकचा. हिशोब करून बघा: प्रत्येक खोलीला २५६ बाइट, सुरुवात ४९१५२ पासून. ॲटिक ४१ नंबरची खोली, म्हणजे ४९१५२ + ४१ × २५६ = ५९६४८. ५९९०१ हा पत्ता तिच्या शेवटच्या बाइट्समध्ये येतो, जिथे खोलीतले बाण आणि राक्षस नोंदवलेले असतात. दुसरा ३० नंबरच्या बन्यन ट्रीमधला अडथळा मोकळा करतो (वड आहे, पार नाही, त्यामुळे टेकायलाही जागा नाही). तिसरा ४३ नंबरच्या कॉन्झर्व्हेटरी रूफमधला. चौथ्याने फर्स्ट लँडिंगमधली न दिसणारी वस्तू ११ नंबरच्या खोलीत, म्हणजे द हॉलमध्ये येते. चारही घातल्याशिवाय ८३ वस्तू गोळा होणं शक्यच नाही, तेव्हा नुसता पहिला घालून थांबू नका.

घालायची रीत: लोडऐवजी मर्ज वापरा. एक्स्टेंड मोडची कळ दाबून सोडा, मग सिंबल शिफ्ट धरून टी. पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेप चालू. मर्जने टेपच्या सुरुवातीचा लोडर, म्हणजे बाकी गेम आणणारा बेसिक भाषेतला छोटा प्रोग्रॅम, आपोआप पळत सुटत नाही. ओके आलं की लगेच टेप थांबवा, पुढचा कोड अजून त्यावरच आहे. आता लिस्ट करून गेम सुरू करणारं 'रँडमाइज यूएसआर' कुठे आहे ते शोधा. ते स्वतंत्र ओळीत असेल तर तिच्या आधीच्या क्रमांकाची नवी ओळ घालून चारही पोक लिहा. लोडबरोबर एकाच ओळीत असेल तर एडिटने ओळ खाली घ्या, रँडमाइजच्या आधी जा, पोक घाला आणि प्रत्येकानंतर अपूर्णविराम द्या. अपूर्णविरामानंतर कर्सर 'के' होतो, तेव्हा ओ दाबला की पोक उमटतो. अक्षरं एकेक करून टाइप केली तर सिंटॅक्स एरर. मग रन, आणि टेप पुढे चालू.

बेलापूर_झेड८०

पोकबद्दल +१, पण रॅम इतक्या सहज सोडू नका. दोन मिनिटांची तपासणी आहे. यंत्र चालू केल्याकेल्या लिहा (पीक म्हणजे पत्त्यावरचा आकडा वाचणारी आज्ञा):

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आलं तर सुरू होतानाच्या तपासणीत रॉमला, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या प्रोग्रॅमला, सगळी ४८के सापडली. ३२७६७ आलं तर वरची ३२के मेली आहे आणि यंत्र स्वतःला १६के समजतंय. मग हा गेम चालणारच नाही. मधलाच आकडा आला तर पहिली खराब जागा तिथे. तपासणी ढोबळ आहे, तापल्यावर चुकणारी चिप ती पकडणार नाही.

दुरुस्तीवाल्याच्या निदानातली खोट अशी: ४११६ चिप्स खालच्या १६के च्या, म्हणजे पत्ता १६३८४ ते ३२७६७. पडद्याची मेमरीही तिथेच. त्या खराब असत्या तर टीव्हीवर आधी कचरा दिसला असता. आणि खोल्यांची माहिती ४९१५२ च्या वर, वेगळ्या चिप्समध्ये. आठही बदलल्या असत्या तरी ॲटिक जिथल्या तिथे.

टेपच्या एररबद्दलही एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रॉम टेपवरून आलेला बाइट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये घेते, तिथूनच मेमरीत लिहिते आणि पॅरिटी, म्हणजे तपासणीचा आकडाही, तिथूनच मोजते. मेमरीत लिहिलेलं परत वाचून बघत नाही. त्यामुळे रॅम खराब असेल तर 'आर' एरर येत नाही; लोड बिनबोभाट होतो आणि गेम सुरू होताच यंत्र कोसळतं. शंका असेल तर क्लिअर ३२७६७ करून नुसता कोड लोड करा, चालवू नका, टेप मागे घ्या आणि व्हेरिफाय करा. व्हेरिफाय मात्र मेमरीशी ताडून बघतं.

अडॅप्टर! स्पेक्ट्रमच्या पिनला आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन लागतो. बाजारातले बहुतेक उलटे असतात. तुमचं यंत्र चालतंय म्हणजे दिशा बरोबर आहे, पण किमान १.५ अँपिअर आहे का बघा, २ असेल तर निर्धास्त. कमी पडला तर लोड होताना मध्येच रीसेट.

कळवा_खाडीकाठ

टेपकडे वळू. एरर कुठे येते त्यावरून कारण कळतं:

बॉर्डर लाल आणि आकाशी अशी सावकाश आलटून पालटून होतेय, पट्टेच नाहीत: सिग्नल पोचतच नाही. आवाज वाढवा, वायर बघा.

लाल-आकाशी पट्टे आहेत पण नाव येत नाही: पातळी कमी किंवा हेड तिरकं.

निळे-पिवळे पट्टे चालू असताना मध्येच एरर: रॉमला सिग्नलची पुढची धार वेळेत सापडली नाही. टेपवर खड्डा, धूळ किंवा बेल्ट सैल. तुमची तक्रार हीच.

ब्लॉक पूर्ण होऊन अगदी शेवटी एरर: पॅरिटी जुळली नाही, कुठेतरी एखादा बिट उलटा वाचला गेला. आवाज फार मोठा किंवा फार लहान.

जागा दर वेळी बदलते म्हणजे टेपवर एकच ठरावीक जखम नाही. पहिला संशय बेल्ट आणि घाणेरडं हेड. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा, कडेला पांढरी भुकटी असेल तर बुरशी. ती टेप सरळ वाजवू नका, हेडला लागते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट बिघडवते. हलक्या हाताने एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवा, मग हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा, काडी पांढरी येईपर्यंत. टेप ओढणारा कॅप्स्टनचा दांडाही पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल बेताने. कॅसेटच्या आत फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो हेडवर टेप दाबतो. तो गळून पडला असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही. स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या डबीत रीळ हलवा.

मग जोडणी: लोड करताना माइकची वायर काढून ठेवा, फक्त इअर जोडा. दोन्ही जोडलेल्या असल्या की काही रेकॉर्डर स्वतःचाच आवाज परत घेतात. रेकॉर्डर शक्यतो सेलवर चालवा, म्हणजे मेन्सची घुरघुर नको. आवाज तीन चतुर्थांश, ट्रेबल पूर्ण.

एवढ्याने झालं नाही तरच हेडचा छोटा स्प्रिंगवाला स्क्रू. सुरुवातीचा सलग सूर वाजत असताना तो सर्वात तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत हळूच फिरवा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

नौपाडा_पोक

स्क्रू फिरवण्याआधी त्याच रेकॉर्डरवर स्वतः सेव्ह केलेल्या कॅसेट असतील तर त्या आधी डिजिटल करून घ्या. कोन बदलला की त्या वाचता येणार नाहीत.

फोनबद्दल: एमपी३ नको, डब्ल्यूएव्हीच. इक्वलायझर, डॉल्बी वगैरे सगळं बंद, आवाज पूर्ण, विमान मोड चालू. मेसेजचा एक 'टिंग' आला की लोड गेला. ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नका, तिथे आवाज दाबून पाठवला जातो. बऱ्याच फोनची पातळी स्पेक्ट्रमला अपुरी पडते, तुमचं 'कधीकधी' तिथून येतंय. मध्ये एखादा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर टाका.

वाशी_४८के

आभारी आहे. पीकचं उत्तर ६५५३५. रिळाच्या कडेला पांढरं दिसतंय. बेल्टही ढिला आहे, बोटाने ताणला की परत आवळत नाही. नवा कुठे मिळेल? आणि वेळ वाचवायला ३५८९९,० हा अमर जीवांचा पोकही सोबत टाकला तर चालेल का?

कळवा_खाडीकाठ

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. जुना बेल्ट सोबत न्या. तो ताणलेला असल्यामुळे त्याच्यावरून माप घेऊ नका. दोन पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि त्याहून पाच-सात टक्के आखूड घ्या. काप चौकोनी की चपटा तेही बघून ठेवा.

बेलापूर_झेड८०

टाका, पण एक अडचण माहीत असू द्या. या गेममध्ये मेल्यावर विली खोलीत जिथून शिरला तिथेच परत उभा राहतो. उंचावरून पडत खालच्या खोलीत आलात आणि मेलात, की तो हवेतच परत येतो, परत पडतो, परत मरतो. साध्या खेळात यात सगळे जीव जातात आणि डाव संपतो. अमर असाल तर हे चक्र थांबतच नाही. वरचे चारही पोक घालूनही असं झालं तर बग उरला असं समजू नका. त्यामुळे आधी फक्त चार पोक घालून ॲटिकमध्ये थोडा वेळ थांबा, मग खाली चॅपेलमध्ये जाऊन बघा. राक्षस जागेवर असले की मग पाचवा घाला.