कोल्हापुरातली एटीएस थरारकादंबरी: अटक, रिमांड, पाठलाग यांत काय चुकतंय?

शाहूपुरी_गल्ली
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घडणाऱ्या कादंबरीचा दुसरा खर्डा चालू आहे. एका जहाल संघटनेचा म्होरक्या, स्वतःच्याच पोरांचा बळी द्यायला मागंपुढं न बघणारा, शिरोली एमआयडीसीजवळ भाड्याच्या खोलीत नाव बदलून राहतोय. एटीएसचा, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचा, एक पोलीस निरीक्षक त्याच्या मागावर आहे. जुलैच्या पावसात म्होरक्या निसटतो, कर्नाटकातल्या निपाणीत सापडतो, नायक त्याला त्याच रात्री गाडीत घालून कोल्हापूरला आणतो. सकाळी कोल्हापूरचे पोलीस आयुक्त पत्रकार परिषद घेतात आणि पुढच्या प्रकरणात तो सगळं कबूल करतो. यातलं न पटणारं काय ते स्पष्ट सांगा. वाचणारी माणसं इथलीच आहेत, त्यांना खोटं वाढायचं नाही.

कोर्टाची_पायरी
आधी आयुक्तांना काढा. कोल्हापूरला आयुक्तालयच नाही. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, त्यांच्यावर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. एटीएसची साखळी वेगळी. 2004 साली स्थापन झालेलं हे पथक अपर पोलीस महासंचालकांच्या हाताखाली चालतं, अधीक्षकांच्या नाही. स्थानिक गुन्हे शाखा आणि एटीएस यांच्यात माहिती कुणी कुणाला कधी द्यायची, यावर तुमची दोन प्रकरणं सहज उभी राहतील.

निरीक्षक नायक म्हणून चालेल, तपास अधिकारी म्हणून नाही. यूएपीएच्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या) कलम 43 प्रमाणे राज्य पोलिसांत उपअधीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी हा तपास करू शकतो. एनआयएला (राष्ट्रीय तपास यंत्रणेला) मात्र निरीक्षक चालतो. म्हणजे धावणारा एक आणि सही करणारा दुसरा. हे दुसरं पात्र तुमच्या खर्ड्यात नाहीच, आणि ते आल्याशिवाय कथेला ताण येणार नाही.

कथेचं सालही पक्कं करा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीचा गुन्हा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता, भादंवि. दहशतवादी कृत्य आता न्याय संहितेच्या कलम 113 मध्येही आहे, आणि गुन्हा त्याखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो.

आता कबुली. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा नाही. त्यानं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लावला असेल तर अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरतात, पण मोक्क्याला आधीच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन कोर्टानं दखल घेतलेली लागते. नाव बदलून नव्यानं उभ्या केलेल्या संघटनेला हे लागू करताना सरकारी वकिलाची दमछाक होते.

खरं शस्त्र माफीचा साक्षीदार, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. तुमचा म्होरक्या स्वतःच्या पोरांना मारतो ना? मग त्यातलाच वाचलेला एक फुटू द्या. पण कायदा असा, की माफीच्या साक्षीदाराला आधीच जामीन मिळालेला नसेल तर खटला संपेपर्यंत तोही तुरुंगातच. कळंबा तुरुंगाच्या भिंतीआड म्होरक्या एका बराकीत आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा दुसऱ्या! त्याच्या घरच्यांपर्यंत निरोप कोण पोचवतोय, यावरच एक प्रकरण लिहा.

कागल_नाका
निपाणीची अटक जरा सविस्तर घेतो, कारण खटला पडतो तो इथंच.

वॉरंटाशिवाय अटक करायला राज्याची हद्द आडवी येत नाही. पण निपाणी ठाण्याच्या स्टेशन डायरीला नोंद, स्थानिक पोलीस सोबत, दोन पंच, हे सगळं पाहिजे. पंच मिळायला अडचण नाही, निपाणीत मराठी घराघरांत आहे. अटकेची कारणं लेखी द्यायची. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं यूएपीएच्याच प्रकरणात लेखी कारणं नसल्यामुळं अटक बेकायदा ठरवली. नायकाला ‘तोंडी सांगितलं होतं’ म्हणायला लावू नका.

घड्याळ 24 तासांचं, प्रवासाचा वेळ वगळून. निपाणी ते कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, त्यामुळं वेळेत कोल्हापूरच्या कोर्टात उभं करता येतं. रस्ता बंद असेल तर जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसरीकडच्या कोर्टात नेण्यापुरती कोठडी) घ्यायचा. अटक कोर्टाच्या वॉरंटावर असेल तर मात्र 30 किलोमीटरची अट आहे. जिल्ह्याबाहेर पकडला आणि वॉरंट काढणारं कोर्ट त्याहून लांब असलं, की आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढं न्यायचं. मात्र ते कोर्ट तिथल्या दंडाधिकाऱ्यापेक्षा किंवा अधीक्षकापेक्षा जवळ असलं, तर हा नियम लागू नाही. तुमच्या सुरुवातीच्या प्रकरणात फरारी म्हणून वॉरंट निघालेलं असेल, तर आरोपीचा वकील हाच मुद्दा धरणार.

झडतीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. मोबाईल जप्त करताना चालू-बंद स्थिती, आयएमईआय, सिम, सगळं पंचनाम्यात. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. नायकानं उत्सुकतेपोटी फोन उघडून मेसेज चाळले, की आतला मजकूर बदलला. मग हॅश व्हॅल्यूचा (मजकूर बदलला नाही हे दाखवणाऱ्या आकड्याचा) काय उपयोग? साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडलं तरी उलटतपासणीत तो पुरावा टिकवताना घाम फुटतो.

राजाराम_बंधारा
पाठलागात पाऊस घेतलाय तर पुराचं गणित नीट मांडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. म्हणजे म्होरक्या शिरोलीत असेल तर तो नदीच्या पलीकडं अडकला. निपाणीला यायला त्याला पंचगंगा ओलांडावीच लागणार, आणि पुढं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणीही महामार्गावर येतं. गगनबावड्याकडं निघाला तर बालिंगा पूल आधी बंद होतो. म्हणून त्याला पाणी 39 च्या खाली असतानाच बाहेर काढा आणि पथक पाठीमागं निघेपर्यंत 43 वर न्या. शहरातला माणूस फुटांचे आकडे वाचूनच ताठ बसेल.

फोनचं म्हणाल तर सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींमध्ये) बोलणं नसतं. कुणाचा कुणाला, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून, एवढंच. टॉवर म्हणजे पत्ता नव्हे. खेड्यात एका टॉवरखाली काही किलोमीटरचा परिसर येतो. कागलच्या पुढं हँडसेट कर्नाटक सर्कलचा (दूरसंचार विभागाचा) टॉवर पकडतो, मग माहिती दुसऱ्या सर्कलच्या नोडल अधिकाऱ्याकडून मागवावी लागते. बोलणं ऐकायचं तर गृह सचिवांचा आदेश. तो 60 दिवसांचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त 180. निरीक्षक स्वतःच्या मर्जीनं हेडफोन लावून बसलेला दाखवू नका.

शाहूपुरी_गल्ली
सगळ्यांचे मनापासून आभार. उपअधीक्षक म्हणून एक बाई आणतोय, सही त्यांचीच. एक शंका उरली: म्होरक्या शेवटी जामिनावर सुटावा असं कथेत हवंय. यूएपीएत तसं होतं का?

कोर्टाची_पायरी
गुणवत्तेवर फार अवघड. कलम 43ड(5) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. तांत्रिक दार मात्र उघडं असतं. दोषारोपपत्राला 90 दिवस. सरकारी वकिलाच्या अहवालावर ते 180 पर्यंत वाढवता येतात, पण ही मुदतवाढ साध्या दंडाधिकाऱ्यानं द्यायची नाही. विशेष न्यायालयानं द्यायची, ते नसेल तर सत्र न्यायालयानं. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. तुमच्या कथेत अर्ज चुकीच्या कोर्टात जाऊ द्या, 91 व्या दिवशी वकील डिफॉल्ट जामिनाचा (मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळं मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज टाकेल. पोलिसांनी त्यानंतर दोषारोपपत्र आणून दिलं तरी तो हक्क जात नाही.

दाद मागायचं ठिकाणही सालावर ठरेल. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. कथा त्याआधीची असेल तर वकिलाला मुंबई गाठावी लागेल. त्यानंतरची असेल तर सीपीआर रुग्णालयासमोरच्या भाऊसिंगजी रोडवर गर्दी दाखवा.