श्रावण संपला, तरी मासे खावेसे वाटत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधी माझी माहिती देते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. वय ४४, माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर मालवण तालुक्यातलं, बिऱ्हाड डोंबिवलीत. घरात मी, नवरा आणि दहावीतला मुलगा. सासूबाई गावी असतात, थंडीत दोनेक महिने आमच्याकडे येतात.

माहेरी मटण म्हणजे यात्रेला नाहीतर पाहुणे आले की. मासा म्हटलं तर बाजारच्या दिवशी आणलेले सुके बोंबील, एवढीच ओळख. ताजा मासा मला सासूबाईंनी शिकवला. बांगड्याचा कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, पोटावर बोट दाबून खड्डा राहतो का बघायचं, तिरफळं (कालवणात घालतात ती कोकणातली वासाची फळं) आधी पाण्यात टाकून ठेचायची. सतरा वर्षं झाली, आता आमच्या इथली मासेवाली मला बघितली की दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवते. सांगायचा मुद्दा, मी नावाला खाणारी नव्हते. आवडीने, काटे चोखून खाणारी होते.

यंदा नेहमीसारखा श्रावण पाळला. मग गणपती आले. मग पितृपक्ष, त्याला लागून नवरात्र. म्हणजे दसऱ्यापर्यंत पंचांगानेच सांभाळून घेतलं. दसरा झाला तसा नवऱ्याने हौसेने सुरमई आणली, मी तळली, ताटात तुकडी वाढून घेतली आणि ती तशीच राहिली. किळस आली, दया आली, असं काही नाही. नको वाटलं, बस. दिवाळीनंतर कोळंबी केली, तेव्हाही तेच. मटण-चिकन तर आठवतही नाही.

आता अडचणी.

पहिली, कारण. जो तो कारण विचारतो. आमच्याकडे खाणं सोडायला दोनच कारणं चालतात: माळ घातली किंवा डॉक्टरांनी सांगितलं. माझे मोठे काका आळंदीला जाऊन माळ घालून आले, त्या दिवसापासून त्यांचं ताट वेगळं झालं आणि कुणी ब्र काढला नाही. उलट मान वाढला. मी नुसतं 'नको वाटतं' म्हटलं तर नवरा म्हणतो, 'होईल चार दिवसांत बरं', जसा काही ताप आलाय. खोटं सांगून माळ घालणं मला पटत नाही. वारी करायची नाही, एकादशी धड होत नाही, आणि माळ कशाच्या जोरावर घालू?

दुसरी, स्वयंपाक. घरातल्या दोघांचं मला बंद करायचं नाही. त्यांना आठवड्यातून तीनदा मासे लागतात. पण मी खाणार नसेन तर कालवणाचं मीठ कसं बघू? हसू नका, गेल्या दोन खेपांना एकदा खारट आणि एकदा अळणी झालंय. मुलगा म्हणाला, 'आई, तू सोडलंयस, पण शिक्षा आम्हाला का?'

तिसरी, तब्येत. गेल्या वर्षी तपासलं तेव्हा बी-१२ २१० आलं होतं, आणि हिमोग्लोबिन ११.२. हे मासे खात असताना! आता काय होईल? वजन ६२ किलो. दूध-दही-ताक चालतं, अंड्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

चौथी, आणि ही सांगायला जरा लाज वाटते. मासा नको वाटतो, पण मालवणी जेवण हवंसं वाटतं. तिरफळाचा वास आला की भूक लागते. मग भातावर घेऊ काय? रोज डाळ-भात-भाजीने मी महिन्याभरात कंटाळून परत सुरमईकडे जाईन, हे मला माहीत आहे.

लवकर विचारतेय, कारण मार्गशीर्ष तोंडावर आलाय. एकदा तो लागला की महिनाभर पुन्हा कुणी काही विचारणार नाही आणि प्रश्न तसाच पुढे जाईल. सासूबाईही त्याच सुमाराला येतात.

शाकाहार श्रेष्ठ की मांसाहार, हा वाद कृपया इथे नको. त्यासाठी हवे तितके धागे आहेत.

निरफणस:
ताई, चौथ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तीच खरी आहे. मी गोव्याचा. आमच्याकडे सोमवारी मासे नसतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा हा प्रश्न प्रत्येक घरात सुटतोच. तुम्हाला आठवतो तो मासा नव्हे, तिरफळ, आमसूल आणि वाटलेलं ओलं खोबरं. हे तिन्ही शाकाहारी आहेत!

खतखतं करा. तूरडाळ, त्यात मुळा, रताळं, शेंगा, मक्याचं कणीस, मिळेल ती भाजी, वाटप आणि वरून ठेचलेली तिरफळं. तिरफळाशिवाय खतखतं होतच नाही. आंबाडे मिळाले तर सासव करा. तळलेल्या तुकडीची आठवण आली तर काप: सुरण, वांगं, कच्चं केळं, पावसाळ्यात निरफणस. तिखट-मीठ-हळद-आमसुलाचं आगळ लावून ठेवायचं, रव्यात घोळवायचं आणि तव्यावर कमी तेलात खरपूस. सुरमईला जे करता तेच, तसूभरही वेगळं नाही.

आणि तुमच्या सासरचं काळ्या वाटाण्याचं सांबारं विसरलात? वडे आणि काळे वाटाणे असताना कोंबडीची आठवण कोणाला येते! वाटाणे मात्र आदल्या रात्री भिजवा. सकाळी आठवलं तर त्या दिवशी विसरा. एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ, पावसाच्या सुरुवातीला अळंबी, कोवळ्या फणसाची कुयरीची भाजी. कोकणात न खाणाऱ्याचे हाल होत नाहीत, फक्त त्याला हॉटेलात कोणी विचारत नाही.

घरचा हिशेब:
तब्येतीबद्दल. मी डॉक्टर नाही, पण याच वाटेने सात वर्षांपूर्वी गेले आहे आणि स्वतःचं बी-१२ पाताळातून वर आणलं आहे.

मासे खात असताना २१० हा आकडा मला जास्त खटकला. दिवसाला लागतं दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमच, आणि आठवड्यातून तीनदा बांगडा खाणाऱ्याला ते सहज मिळतं. म्हणजे तोंडातून जातंय, पण अंगी लागत नाही, असं असू शकतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेता का? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? दोन्हींनी बी-१२ कमी होतं. हे डॉक्टरांना आधी विचारा, मासे सोडण्याचं नंतर. तपासणी आत्ताच करून घ्या, म्हणजे सहा महिन्यांनी दोष कुणाला द्यायचा ते कळेल.

वनस्पतीत बी-१२ नसतं. स्पिरुलिना, मशरूम, अंगणातली भाजी न धुता खा, असले सल्ले येतील, सोडून द्या. पेलाभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, अंड्यात त्याच्या निम्मं. तुमचा आकडा बघता दुधावर भागणार नाही, गोळी लागेल. गोळी घेण्यात कमीपणा काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या माझ्या माहेरी सगळ्यांनाच ती चालू आहे.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पन्नासेक ग्रॅम. आता गंमत बघा: आपल्या पातळ आमटीच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या वर काही नसतं. आपण 'डाळ खातो' म्हणतो आणि पाणी पितो. मोड आलेल्या कडधान्याची उसळ रोज, मुठीएवढे शेंगदाणे, दही, आणि आठवड्यातून दोनदा सोयाच्या वड्या (कोरड्या ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम मिळतात). जवसाची चटणी ताटात ठेवा. माशातलं ओमेगा-३ तिच्यातून थेट मिळत नाही, शरीर त्यातलं थोडंच बदलून घेतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको. हे दुसरं मला सात वर्षांत जमलेलं नाही.

सातारी कंदी:
खायचं नाही तर खाऊ नका की. त्याला धागा कशाला लागतो?

निरफणस:
@सातारी कंदी, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते सांगा, मग बोलू.

वाफाळता चहा:
मिठाचं सांगते. मी तर जन्मात मासा खाल्लेला नाही, पण नवऱ्यासाठी बावीस वर्षं करते. युक्ती एकच: मासा टाकायच्या आधी चव बघायची. वाटप, आमसूल, पाणी घालून रस्सा चांगला उकळला की तो शाकाहारीच असतो. तेव्हाच मीठ लावून टाकायचं, मग तुकड्या सोडायच्या. मात्र तुकड्यांना आधी मीठ चोळून ठेवत असाल तर रस्सा किंचित अळणी ठेवायचा, ते मीठ उतरतंच. कोळंबीला पाणी सुटतं, तिथे उलट. तळणीच्या तुकड्यांना चमच्याने मोजून. मी अर्धा किलोला दीड चहाचा चमचा धरते, तुमचा चमचा तुम्ही ठरवा.

मासा टाकायच्या आधी त्याच उकळलेल्या रश्श्यातला वाटीभर माझ्यासाठी बाजूला काढते. त्यात शेवग्याच्या शेंगा नाहीतर उकडलेलं सुरण. एकच वाटप, दोन कालवणं. वेगळा घाट घालावा लागत नाही.

तवा मात्र वेगळा घ्या. सोवळं म्हणून नव्हे हो, बांगड्याच्या तव्यावर तुमचे काप भाजले तर तुम्हालाच खाववणार नाहीत.

कारणाचं म्हणाल तर मला कुणी कधी विचारलंच नाही, कारण मी 'पहिल्यापासून न खाणारी'. सोडणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागतो. याला उपाय नाही माझ्याकडे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सातारी कंदी, तुमचेही, तुमच्यामुळे धागा वर राहिला.

रस्सा आधी चाखायची युक्ती मला कशी सुचली नाही! सतरा वर्षं मी मासा शिजल्यावर वाटीत घेऊन, भात कालवून 'मीठ बघत' होते. म्हणजे मीठ बघणं हे निमित्त होतं, हे आता कळतंय. रविवारी पापलेटाचं कालवण त्याच पद्धतीने केलं. दोघेही गप्प जेवले, म्हणजे बरोबर झालं असावं. माझ्या वाटीत शेंगा आणि रताळं. तिरफळाचा वास आला, भूक लागली, आणि ताटातलं संपलंही.

बी-१२ पुन्हा तपासायला दिलंय. अ‍ॅसिडिटीची गोळी घेते, तीन वर्षं झाली, सकाळी उठून उपाशीपोटी. ती बी-१२ खाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय.

नवऱ्याला म्हटलं, बाजारातून आणणं आणि साफ करणं तुझ्याकडे, शिजवणं माझ्याकडे. तो आनंदाने गेला आणि जुनी मांदेली घेऊन आला. मासेवाली दुसऱ्या दिवशी मला विचारते, 'ताई, आजारी होतीस काय?' एकूण बाजार अजून काही महिने माझ्याकडेच राहणार.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. येण्याआधी सांगितलेलं बरं. आधी शांतता. मग: 'तुका बरा नाय काय गो?' बरी आहे म्हटलं. 'माळ घातलंस?' नाही म्हटलं. 'डॉक्टरान सांगल्यान?' तेही नाही. परत शांतता. मग एकदम व्यवहारावर आल्या, 'मगे जेवतलंस काय? अंडा तरी खातंस मा?' मी गडबडीत हो म्हणाले. म्हणजे अंड्याचा निर्णय त्यांनीच घेतला.

काल चुलत नणंदेचा फोन आला, काळजीने विचारत होती की डॉक्टरांनी नक्की काय काय बंद केलंय. म्हणजे वाडीत कारण ठरलं. मी दुरुस्त करायला गेले नाही.

येताना त्या कोरडे काळे वाटाणे आणि तिरफळं घेऊन येणार आहेत. शिवाय परड्यातलं सुरण. आता शेवटचा प्रश्न: मागच्या वेळी त्या सुरणाने सगळ्यांचे घसे खाजले होते. कापांसाठी काय करू?

निरफणस:
हाताला तेल लावून कापा. फोडी आमसुलं घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, त्याच पाण्यात एक उकळी द्या, पाणी फेकून द्या. मग मसाला लावा. तरीही खाजलं तर सुरण नवं आहे, सासूबाईंना सांगा महिनाभर माळ्यावर ठेवा.