बेंगळुरू, मुंबई, पुणे: बस-लोकल-मेट्रोनं फिरलेल्या सीमाभागातल्यांनी आपले अनुभव लिहा

कामासाठी बेंगळुरू, दवाखान्यासाठी मुंबई, पोरांच्या शिक्षणासाठी पुणे, हे आपल्याला चुकत नाही. रात्रभर प्रवास करून शहर गाठायचं आणि उतरल्या उतरल्या रिक्षावाल्यांचा गराडा. बेळगावहून आलेल्या तिकिटाच्या निम्मं भाडं पुढच्या चार मैलांना मागतात. ज्यांनी ही शहरं बस-लोकलनं पालथी घातली आहेत त्यांनी लिहा. कुठं उतरायचं ते आधी सांगा, बाकी मग.

शहापूर, बेळगाव
बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जाणारे सगळे शेवटपर्यंत बसून राहतात. काम मल्लेश्वरम, राजाजीनगरकडं असेल तर आधीच यशवंतपूरला उतरा, तिथं हिरव्या लाइनचं मेट्रो स्टेशन आहे. विधानसौधला जायचं असेल तर मात्र शेवटचं मॅजेस्टिक (बेंगळुरूचं मुख्य स्टेशन) बरं. तिथून मेट्रोच्या जांभळ्या लाइननं दोनच स्टेशनं. जयदेव दवाखान्याला जाणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मोठी सोय झाली आहे: हिरव्या लाइननं आर. व्ही. रोड, तिथं पिवळी लाइन धरायची, दवाखान्याच्या नावाचंच स्टेशन आहे. रविवारी पहिली मेट्रो सकाळी सातला, इतर दिवसांसारखी पहाटे नाही. रविवारी पहाटे पोचणार असाल तर स्टेशनवरच चहा घ्या.

खानापूर तालुका
बेंगळुरूच्या सिटी बसलाही बायकांच्या मोफत प्रवासाची शक्ती योजना लागू आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना ठाऊक नाही. जून २०२३ पासून कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की साध्या बसचा प्रवास मोफत. एसी वज्र आणि विमानतळाच्या वायु वज्रला पैसे पडतात. शून्य रुपयाचं तिकीट कंडक्टरकडून मागून घ्या, तपासनीस आला तर तेच दाखवायचं.

मी आणि धाकटी बहीण बरोबर होतो. ती लग्न होऊन चंदगडला गेली, तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता. कंडक्टरनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून पाहिली, मला शून्याचं तिकीट दिलं आणि तिच्याकडून पैसे घेतले. एका आईच्या पोटच्या, एका सीटवर बसलेल्या. त्याचा काही दोष नव्हता, नियमच तसा आहे, पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

बसच्या पाट्या बहुतेक कानडीत. शाळेत शिकलेलं कानडी इथं कामी येतं, पोरांना कंटाळा करू देऊ नका.

निपाणी
बाबांना घेऊन परळला टाटाला जात होतो. मुक्काम डोंबिवलीला मामांकडं. परळला जलद लोकल थांबत नाही. धीम्या गाडीनं थेट जा, नाहीतर जलदनं दादर गाठून तिथून धीमी. मामांनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं, "दाजी, तुम्ही दिव्यांगांच्या डब्यात बसायचं, कॅन्सरच्या पेशंटला परवानगी आहे. कागद खिशात ठेवा." त्या डब्यात एका मुलानं बाबांना हात धरून बसवलं आणि तोंडाला लावलेला मास्क पाहून खिडकीही दिली. केमोनंतर उभं राहवत नसे त्यांना, त्यामुळे त्या एका जागेचं मोल मी कधी विसरणार नाही. टॅक्सीनं रोज डोंबिवली-परळ करणं आम्हाला झेपलंच नसतं.

दादरबद्दल एक: डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वे १ ते ७, मध्य रेल्वे ८ ते १४. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, तेव्हा पाटी वाचा. आणि उतरायच्या आधीच्या स्टेशनलाच दाराकडं सरका, गाडी थांबते अर्धा मिनिट.

चिकोडी
पुण्यात स्वारगेटला उतरा. सप्टेंबर २०२४ पासून तिथून मेट्रो आहे. सिव्हिल कोर्टला बदललं की वनाज, रामवाडी दोन्हीकडं जाता येतं.

वडगाव, बेळगाव
मुलगा व्हाइटफील्डला नोकरीला लागलाय. त्याच्या आजीला घेऊन, सामानासह, मॅजेस्टिकहून मेट्रोनं जाणं जमेल का?

शहापूर, बेळगाव
जमेल काका. जांभळी लाइन थेट व्हाइटफील्डपर्यंत जाते, गाडी बदलायची नाही. लिफ्ट आहे, आजींना जिने चढायला लावू नका. फक्त सकाळच्या ऑफिसच्या वेळेला त्या लाइनला पाय ठेवायला जागा नसते. मॅजेस्टिकजवळच इडली खाऊन अकरानंतर निघा.